तेवीसपैकी एकवीस

आधी आकडे मांडते, कारण या विषयावर लिहायला बसलं की गहिवर फार लवकर येतो आणि हिशेब मागे राहतो.

इंग्लंडमध्ये महिलांची काउंटी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या संघांची, अजिंक्यपद स्पर्धा 1997 साली सुरू झाली आणि 2019 नंतर बंद झाली. एकूण 23 हंगाम, 23 विजेतेपदं. त्यातली आठ केंटने जिंकली, सात यॉर्कशायरने, सहा ससेक्सने. झाली एकवीस. उरलेल्या दोनांपैकी 2017 चं लँकेशायरकडे गेलं, 2018 चं हॅम्पशायरकडे. बाकी साऱ्या काउंट्यांच्या नावापुढे शून्य.

आता दुसरी यादी. 18 एप्रिल 2024 रोजी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने, म्हणजे ईसीबीने, महिला क्रिकेटची नवी रचना जाहीर केली. 2025 च्या हंगामापासून आठ काउंट्यांकडे, म्हणजे पहिल्या श्रेणीत, पूर्णवेळ पगारी महिला संघ असतील, आणि अशा प्रत्येक काउंटीला मंडळ वर्षाला किमान 13 लाख पौंड देईल. त्या आठ अशा: डरहॅम, एसेक्स, हॅम्पशायर, लँकेशायर, नॉटिंगहॅमशायर, सॉमरसेट, सरे, वॉरिकशायर. हवं तर पुन्हा एकदा वाचा. एकवीस विजेतेपदं ज्या तिघींनी वाटून घेतली त्यांच्यापैकी एकीचंही नाव त्यात नाही.

यॉर्कशायरला पुढे 2026 पासूनची जागा मिळाली, ग्लॅमॉर्गनला 2027 पासूनची. ग्लॅमॉर्गनच्या वाट्याला वेल्ससारखा अख्खा देश येतो, तेव्हा त्याबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही. पण केंट राहिलं ते दुसऱ्या श्रेणीतच. आठ वेळा अजिंक्य ठरलेली, या स्पर्धेच्या इतिहासातली सर्वांत यशस्वी काउंटी, आणि वर तीन वेळा ट्वेंटी-20 चषक जिंकलेली.

मंडळाने हे सूडबुद्धीने केलं असं मी म्हणत नाही. निवडलेल्या आठांपैकी कुणी नालायक होतं असंही नाही. माझा आक्षेप पद्धतीला आहे. महिलांच्या संघांना जी परीक्षा लावली गेली ती पुरुषांच्या जुन्या काउंट्यांना आजवर कधी लावलेली नाही.

ती परीक्षा अशी. अठरा काउंट्यांनी अर्ज करायचे. सोळांनी केले. अर्जात आपल्याकडे मैदानं कशी आहेत, सरावाच्या सोयी काय, प्रशिक्षक किती, मुलींच्या वयोगटाचे संघ कसे चालतात, व्यवसाय म्हणून आपण हे कसं वाढवू, असं सगळं मांडायचं. मग मंडळ ते तपासून निकाल देणार. आपल्याकडे सरकारी कामाची निविदा निघते तसाच हा प्रकार. निविदेत कोण किती चांगलं बांधकाम करील याचा अंदाज असतो; आधी कोणी काय बांधलं त्याला थोडे गुण असतात, बस.

उलट पुरुषांच्या अठरा काउंट्यांकडे पाहा. या अठरांत शेवटची भर पडली 1992 साली, डरहॅमची. त्याआधीच्या बहुतेक एकोणिसाव्या शतकातच येऊन बसलेल्या. तेव्हापासून त्या तिथे आहेत ते कशाच्या जोरावर? इतिहासाच्या. केंटच्या पुरुषांनी काउंटी अजिंक्यपद शेवटचं कधी जिंकलं? 1978 साली. त्याच्या आदल्या वर्षी मिडलसेक्सबरोबर वाटून घेतलं होतं. मर्यादित षटकांच्या स्पर्धांत अधूनमधून काही हाती लागलं, पण मुख्य स्पर्धेत पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ काही नाही. 2024 च्या हंगामात तर हा संघ पहिल्या विभागातून दुसऱ्या विभागात घसरला. तरी काय झालं? खेळाडूंचे पगार चालू राहिले, मंडळाकडून येणारा वाटा चालू राहिला. त्यांच्या व्यावसायिक दर्जाबद्दल प्रश्न विचारणाऱ्याला केंटचं घर असलेल्या कँटरबरीत लोकांनी वेड्यात काढलं असतं. म्हणजे एकाच क्लबाच्या एकाच बोधचिन्हाखाली, एकाच वर्षी, पुरुष हरले आणि व्यावसायिक राहिले. बायका आठ वेळा जिंकलेल्या, आणि पूर्णवेळ पगारी संघाचा पैसा त्यांच्या वाट्याला आला नाही.

हे लिहिताना मला स्वतःलाच थांबवून विचारावंसं वाटतं: पुरुषांकडे आहे म्हणून बायकांकडेही तशीच वतनदारी हवी, असं मी म्हणते आहे का? नाही. वतनदारी वाईटच. पण एका घरात थोरल्याला वतन आणि धाकटीला निविदा, हे कोणत्या न्यायात बसतं ते मला कुणी समजावून सांगावं.

केंटचा आणि बायकांच्या क्रिकेटचा संबंध लावायचा तर लोक फार मागे जातात. तिथली एक जुनी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कँटरबरीजवळ जॉन विल्स नावाचा एक शौकीन गृहस्थ राहत होता. तेव्हा गोलंदाजी हात खाली ठेवूनच करायची असा नियम होता. विल्सची बहीण क्रिस्टियाना त्याला सरावासाठी चेंडू टाकायची. तिच्या घेरदार झग्यामुळे हात खालून फिरवता येईना, म्हणून ती खांद्याच्या बाजूने, आडवा हात फिरवून टाकू लागली. भावाला ते अवघड गेलं, म्हणून आवडलं, आणि त्याने ती शैली उचलली. 1822 मध्ये लॉर्ड्सवर केंटकडून एमसीसीविरुद्ध (लॉर्ड्सचा आजचा मालक क्लब) खेळताना पंचांनी त्याला नो-बॉल दिला, तेव्हा चिडून चेंडू टाकून तो घोड्यावर बसून निघून गेला. पुढे काही वर्षांनी तीच गोलंदाजी नियमात बसवली गेली.

बहिणीच्या झग्याचा भाग खरा की नंतर रचलेला, यावर इतिहासकारांना शंका आहे आणि मलाही आहे. गोष्ट जरा जास्तच गोंडस आहे. पण विल्सच्या थडग्यावरचा मजकूर मात्र खरा आहे. सटन व्हॅलन्स या केंटमधल्याच गावी तो आहे. सर्व मर्दानी खेळांचा आश्रयदाता आणि क्रिकेटमध्ये राउंड-आर्म गोलंदाजी प्रथम आणणारा, अशा अर्थाचं त्यावर कोरलं आहे. दंतकथेतली बहीण दगडापर्यंत पोचली नाही.

इंग्लंडमधल्या बायकांच्या क्रिकेटचा इतिहास तसा काही लहान नाही. नोंद सापडते तो पहिला सामना 26 जुलै 1745 चा, सरेमधल्या गॉस्डेन कॉमनवरचा. ब्रॅमली आणि हॅम्बल्डन या दोन गावांच्या अकरा-अकरा मुली, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत, एकीकडे निळ्या फिती आणि दुसरीकडे लाल. हॅम्बल्डनच्या 127 धावा, ब्रॅमलीच्या 119. मुली पुरुषांइतकंच चांगलं खेळल्या, असं तेव्हाच्या वर्तमानपत्राने कबूल करून टाकलं. 1890 मध्ये पैसे घेऊन खेळणाऱ्या बायकांचे दोन संघ काढून गावोगाव सामने भरवले गेले, लिव्हरपूलला म्हणे पंधरा हजार माणसं जमली; खेळाडूंना खरी नावं वापरायची मुभा नव्हती, आणि शेवटी व्यवस्थापक पैसे घेऊन पसार झाला. महिला क्रिकेट संघटना 1926 ची. पहिला कसोटी दौरा 1934 चा. पहिला विश्वचषक 1973 चा, पुरुषांच्या विश्वचषकाच्या दोन वर्षं आधीचा, आणि तोही जॅक हेवर्ड या धनिकाने 40,000 पौंड दिले म्हणून पार पडलेला.

या सनावळीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट खटकते. दर वेळी खेळ आहे, प्रेक्षक आहेत, खेळाडू आहेत. नसते ती मालकी. मैदान दुसऱ्याचं, पैसा दुसऱ्याचा, 1890 मध्ये तर नावसुद्धा दुसऱ्याचं.

काउंटी स्पर्धेचंही तेच. सुरुवातीची वर्षं ही अजिंक्यपद स्पर्धा केंब्रिजमध्ये जुलैतल्या काही दिवसांत उरकली जाई. सगळ्या काउंट्यांनी तिथे जमायचं, कॉलेजांच्या मैदानांवर रोज एक सामना खेळायचा, आणि घरी परत जायचं. सुट्टी स्वतःची, प्रवास स्वतःचा. 1998 मध्ये महिला संघटना ईसीबीत विलीन झाली. त्या विलीनीकरणाने बरंच काही दिलं. लॉर्ड्सच्या मालकांनीही त्याच सुमारास बायकांना सभासदत्व द्यायचं कबूल केलं. पण बहात्तर वर्षं बायकांनी स्वतः चालवलेली संस्था गेली, आणि तिच्याबरोबर निर्णयाच्या टेबलावरची हक्काची खुर्चीही गेली. महिला काउंटी संघ तेव्हापासून दुसऱ्याच्या ओसरीवर राहत आले. ओसरी देणारे भले होते की नव्हते हा वेगळा मुद्दा.

या ओसरीवर केंटने काय केलं ते सांगायचं तर एका मुलीपासून सांगावं लागेल, आणि त्यासाठी पुण्यात यावं लागेल.

16 डिसेंबर 1997. महिला विश्वचषकातला इंग्लंड-आयर्लंड सामना पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर होता. इंग्लंडकडून शार्लट एडवर्ड्सने नाबाद 173 धावा केल्या. दुसऱ्या दिवशी ती अठरा वर्षांची होणार होती. खरं तर त्या दिवशी तिच्या नावाची दुनियाभर चर्चा व्हायची, पण त्याच दिवशी मुंबईत वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद 229 करून ठेवल्या. महाराष्ट्रातल्या दोन मैदानांवर एका दिवसात हे घडलं आणि आपल्यापैकी किती जणांना ते आठवतं? पुण्यातल्या क्रिकेटवेड्या घरांत मी हा प्रश्न विचारून पाहिला आहे. सचिनने कोणत्या साली कुठे काय केलं ते तोंडपाठ असणारी माणसं खांदे उडवतात.

ही एडवर्ड्स मूळची हंटिंग्डनची, केंटची नव्हे. 1996 मध्ये सोळाव्या वर्षी ती इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळली ती स्कर्ट घालून, आणि देशाचा ब्लेझर तिला स्वतःच्या पैशाने घ्यावा लागला. 2000 साली ती केंटकडे आली आणि 2016 पर्यंत तिथेच राहिली. केंटचं पहिलं अजिंक्यपद 2006 चं. मग 2007, 2009, 2011, 2012, 2014, 2016. शेवटचं 2019 चं, ती गेल्यानंतरचं, आणि स्पर्धेचंही शेवटचं. म्हणजे स्पर्धा बंद झाली तेव्हा केंट गतविजेतं होतं. आजही आहेच म्हणा, कारण ते विजेतेपद पुन्हा कुणी पणाला लावलंच नाही.

एडवर्ड्सबरोबर लिडिया ग्रीनवे होती, जिचं क्षेत्ररक्षण त्या काळातल्या कोणत्याही पुरुषाला लाजवील असं होतं. पुढे फिरकी टाकणारी लॉरा मार्श आली. आणि डोव्हरला जन्मलेली टॅमी बोमाँट आली. 2017 च्या विश्वचषकात, ज्याच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर आपण 9 धावांनी हरलो आणि जी जखम 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भरून निघाली, त्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचा मान तिचा होता. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत तिने 208 केल्या. इंग्लंडकडून कसोटीत द्विशतक करणारी ती पहिली बाई; त्याआधीचा 189 चा उच्चांक बेटी स्नोबॉलच्या नावावर 1935 पासून पडून होता.

बेकनहॅम, कँटरबरीचं पोलो फार्म अशा मैदानांवर, रविवारच्या सामन्यांना, शंभर-दीडशे प्रेक्षकांसमोर हे खेळाडू तयार झाले. पगार नव्हता. 2008 मध्ये इंग्लंडच्या काही खेळाडूंना 'चान्स टू शाइन' या संस्थेमार्फत शाळांमध्ये प्रशिक्षकाची नोकरी मिळाली, ती त्यांची पहिली नियमित कमाई. पूर्णवेळ करार 2014 मध्ये आले, तेही फक्त राष्ट्रीय संघातल्या 18 जणींना. आपल्याकडे मुलगी चांगली खेळायला लागली की घरचे विचारायचे, रेल्वेत लागेल का? तिकडचा प्रश्न तोच होता, फक्त रेल्वेच्या जागी शाळा. दोन्हीकडे खेळाडू जगली ती खेळाबाहेरच्या नोकरीवर.

आता दुसरी बाजू. ती कमकुवत नाही, आणि ती टाळून पुढे गेले तर या लेखाला अर्थ उरणार नाही.

पहिला मुद्दा असा की ही आठ विजेतेपदं म्हणजे 'केंट' या संस्थेचं कर्तृत्व कितपत? हंगामात मूठभर सामने. संघात इंग्लंडच्या तीन-चार खेळाडू असल्या की समोरच्या हौशी संघाचा टिकाव लागणं कठीण. यॉर्कशायरची सलग सहा विजेतेपदं, 1997 ते 2002, ही त्यांच्या एका पिढीची होती; ससेक्सची क्लेअर कॉनर आणि सेरा टेलर यांच्या पिढ्यांची. म्हणजे चषकांची यादी ही इंग्लंडच्या चांगल्या खेळाडू कुठे राहत होत्या त्याचा नकाशा आहे. हे मला मान्य आहे, बरंचसं. पण मग विचारावं लागतं की खेळाडू तिथेच का टिकल्या? पैसा तर कुणाकडेच नव्हता. हंटिंग्डनची मुलगी सोळा वर्षं एका काउंटीत राहते, तिच्यानंतर डोव्हरची मुलगी येते, ती गेल्यावरही संघ जिंकतो, तेव्हा तिथे काहीतरी होतं. प्रशिक्षक, क्लबातले स्वयंसेवक, मुलींचे वयोगटाचे संघ चालवणारे आईबाप. अर्जाच्या तक्त्यात या गोष्टींसाठी रकाना असतो खरा, पण त्यात भरायला बहुधा त्या माणसांकडे फोटोसुद्धा नसतात.

दुसरा मुद्दा भूगोलाचा. फक्त जुने विजेते निवडले असते तर अर्धं क्रिकेट लंडनच्या आसपास आणि उरलेलं यॉर्कशायरात गोळा झालं असतं. ईशान्येला डरहॅम, नैऋत्येला सॉमरसेट, मधे नॉटिंगहॅमशायर आणि वॉरिकशायर, ही विभागणी शहाणपणाची आहे. हेही मान्य. फक्त भूगोलाचा नियम लावायचा तर सगळीकडे लावा. लंडनच्या एका अंगाला सरे, दुसऱ्या अंगाला एसेक्स, आणि देशाचा सगळा आग्नेय कोपरा, म्हणजे केंट आणि ससेक्स, रिकामा. डोव्हरच्या आजच्या बारा वर्षांच्या टॅमीला पगारी संघ गाठायचा तर सरेच्या ओव्हल मैदानापर्यंत सव्वाशे किलोमीटर जावं लागेल. पंधरा लाखांहून जास्त वस्तीच्या काउंटीला तुम्ही 'शेजारणीकडे जा' असं सांगता, तेव्हा भूगोल हा निकष नव्हता, निकालानंतर सुचलेलं स्पष्टीकरण होतं.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि त्यापुढे मी नमतं घेते. 2020 च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये राष्ट्रीय संघाबाहेरच्या 41 खेळाडूंना पूर्णवेळ करार होते. आज ती संख्या त्याच्या दुपटीहून बरीच वर आहे. अठराही काउंट्यांना एकदम पैसे वाटले असते तर कुणाचंच पोट भरलं नसतं. थोडक्यांपासून सुरुवात करणं बरोबरच होतं. ज्या मुलींना आज महिन्याचा पगार मिळतो त्यांना कुणी 'तुमची रचना अन्यायाची आहे' म्हणून सांगायला गेलं, तर त्या हसतील.

तरीही.

माझी तक्रार आठ का, याबद्दल नाही. ही आठ दारं बंद का, याबद्दल आहे. नव्या रचनेच्या पहिल्या काही वर्षांत दोन श्रेणींमध्ये बढती नाही, घसरण नाही. दुसऱ्या श्रेणीतल्या संघाने सगळे सामने जिंकले तरी तो तिथेच. पहिल्यातल्याने सगळे हरले तरी तो तिथेच. गुंतवणूक स्थिर राहावी, नव्या संघांना श्वास घ्यायला वेळ मिळावा, असं कारण सांगितलं जातं. कारण वाजवी आहे, पण ते ऐकल्यावर एक विचार डोक्यातून जात नाही: 2019 पर्यंत या बायकांना जिंकून पैसे मिळत नव्हते, आता जिंकून जागा मिळत नाही. खेळात जिंकण्याचा काहीच उपयोग नसेल तर गुणफलक कशाला रंगवता?

मधली पाच वर्षं तर आणखी चमत्कारिक. 2020 मध्ये मंडळाने काउंट्या बाजूला सारून आठ प्रादेशिक संघ काढले. नॉर्दर्न डायमंड्स, सदर्न व्हायपर्स, वेस्टर्न स्टॉर्म अशी नावं. केंट आणि सरे मिळून झाले साउथ ईस्ट स्टार्स. त्यांच्या दोन करंडकांना इंग्लंडची जुनी कर्णधार रेचल हेहो फ्लिंट आणि शार्लट एडवर्ड्स यांची नावं दिली. 2021 मधला पहिला शार्लट एडवर्ड्स चषक जिंकला साउथ ईस्ट स्टार्सने, म्हणजे केंटच्या कर्णधाराच्या नावाचा चषक निम्म्या केंटने जिंकला, आणि विजेत्यांच्या यादीत केंट हा शब्द कुठेच आला नाही. 2025 मध्ये प्रदेश बरखास्त झाले, काउंट्या परत आल्या, आणि स्टार्सचा वारसा गेला सरेकडे. त्याच झटक्यात दोन्ही करंडकांची नावंही गेली. आता पुरुषांच्या स्पर्धांची जी नावं तीच बायकांच्या. समानता म्हणून! पुरुषांच्या करंडकाला बाईचं नाव देऊनही समानता आणता आली असती, पण ते कुणाला सुचलं नसावं.

स्वतः एडवर्ड्स मात्र थांबलेली नाही. तिने व्हायपर्सना चषक जिंकून दिले. 26 मार्च 2023 ला ब्रेबर्न स्टेडियमवर मुंबई इंडियन्सने पहिली डब्ल्यूपीएल जिंकली तेव्हा प्रशिक्षक तीच होती, आणि 2025 मध्ये पुन्हा. एप्रिल 2025 पासून ती इंग्लंडची प्रशिक्षक आहे. म्हणजे पुण्यात 173 केलेली, केंटला सात अजिंक्यपदं मिळवून देणाऱ्या संघात खेळलेली बाई आज देशाचा संघ घडवते, आणि तिची काउंटी तिच्याकडे खेळाडू पाठवणाऱ्या पहिल्या रांगेत नाही.

क्लबांना स्मृती नसते असं नाही. कँटरबरीच्या सेंट लॉरेन्स मैदानावर सीमारेषेच्या आत एक लिंबाचं झाड होतं. आपलं लिंबू नव्हे, तिकडचा लाइम वृक्ष. दोनशे वर्षांचा, मैदानापेक्षा जुना. चेंडू झाडाला लागला की चौकार, असा खास नियम. झाड रोगाने पोखरलं आहे हे कळल्यावर क्लबने 1999 मध्येच त्याचा वारस म्हणून एक रोप लावून ठेवलं. 2005 च्या जानेवारीत वादळात जुनं झाड मोडलं आणि दोन महिन्यांत नवं झाड मैदानात उभं राहिलं. मला हे मनापासून आवडतं. क्रिकेट अशाच वेडांवर जगतं. पण झाड पडण्याच्या सहा वर्षं आधी जी माणसं पर्याय लावून ठेवतात, त्यांना 2019 मध्ये आपला विजेता महिला संघ कुठल्या कुंडीत जाणार याची काळजी वाटली असती, तर 2024 चा अर्ज कदाचित वेगळा दिसला असता. दोष सगळा मंडळाचा नाही, हेही लिहून ठेवते.

मराठी वाचकाला यात काय, असं कुणी विचारेल. भारतातली महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा 1973 मध्ये पुण्यात झाली. तीन संघ: मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश. त्याच वर्षी भारतीय महिला क्रिकेट संघटना उभी राहिली, जी 2006 मध्ये बीसीसीआयमध्ये विलीन झाली. इंग्लंडहून आठ वर्षं उशिरा, पण गोष्ट तीच. 2023 मध्ये डब्ल्यूपीएलचे पाच संघ 4,669.99 कोटी रुपयांना विकले गेले. मुंबईला संघ मिळाला तो बोलीच्या जोरावर. पुण्याला नाही. लिलावात पैसा बोलतो, तिथे 1973 ची आठवण काढायचं कारण नव्हतं आणि कुणी काढलीही नाही. लिलाव निदान प्रामाणिक असतो. आपण परंपरा पाहून निवडतो आहोत असा आव तो आणत नाही. काउंटी क्रिकेटचं तसं नाही. तिथे सगळा कारभारच परंपरेच्या नावाने चालतो, आणि म्हणून तिथे प्रश्न विचारायचा हक्क राहतो.

मंडळाचा मानस 2029 पर्यंत पहिल्या श्रेणीत बारा संघ करण्याचा आहे. यॉर्कशायर आणि ग्लॅमॉर्गन धरून दहा होतात. उरल्या दोन जागा. केंट, ससेक्स, मिडलसेक्स, ग्लॉस्टरशायर, वुस्टरशायर, डर्बीशायर, लेस्टरशायर, नॉर्दम्प्टनशायर, सगळे त्यांच्यावर डोळा ठेवून आहेत. या दोन जागांसाठी पुन्हा अर्ज मागवले जातील, पुन्हा चकचकीत पुस्तिका छापल्या जातील, पुन्हा कुणीतरी बंद खोलीत गुण देईल. मला विचाराल तर किमान सोयी असलेल्या सगळ्यांना पात्र ठरवा आणि 2027 व 2028 या दोन हंगामांतल्या दुसऱ्या श्रेणीच्या गुणतक्त्यावर दोन जागा देऊन टाका. केंट हरलं तर हरलं. ससेक्स आलं किंवा ज्यांच्या बायकांनी हे अजिंक्यपद कधीच जिंकलं नाही ते लेस्टरशायर आलं, तरी मी टाळ्या वाजवीन. वेळापत्रक आजच जाहीर करा, म्हणजे बेकनहॅमच्या मैदानावर रविवारी उतरणाऱ्या मुलींना हा सामना कशासाठी आहे ते माहीत असेल.